मालदीवमध्ये एकटीने, आटोपशीर खर्चात : कुठलं बेट, किती दिवस?

अनघा

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये दहा दिवस मोकळे मिळतायत आणि मला मालदीवला जायचंय. एकटीने. अडतिसाव्या वर्षी पोहायला शिकले, त्याला आता तीन वर्षं झाली. तलावात न थांबता अर्धा तास पोहते, समुद्रात मात्र कधीच उतरलेले नाही. जिवंत प्रवाळ स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, एवढी एकच इच्छा आहे. पाण्यावरचे बंगले, मेणबत्त्या लावून जेवण वगैरे काही नको.

विमानाचं तिकीट सोडून माझ्याकडे हजार डॉलर आहेत. ज्यांना ज्यांना विचारलं ते म्हणाले, तिथे हजार डॉलरमध्ये दोन रात्री होतात. पण गावांतल्या गेस्टहाउसबद्दल वाचलं आणि आशा वाटायला लागली. माझा बेत असा : माफुशी तीन रात्री, धिगुरा तीन रात्री, उकुलहास चार रात्री. बसतं का हे? एकट्या बाईला काही त्रास होतो का? आणि मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. ज्यांनी खरंच असा प्रवास केलाय त्यांनी सांगा प्लीज.

---

निळाई

अनघा, मी दोनदा एकटी जाऊन आले आहे, एकदा फेब्रुवारीत आणि एकदा जूनमध्ये. दोन्ही वेळा गावातल्या गेस्टहाउसमध्येच राहिले. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी तुझा बेत मोडते, रागावू नकोस. तीन बेटं नको. एकच घे.

मालदीवमध्ये पैसा खोलीत किंवा जेवणात जातो असं आपल्याला वाटतं. एकटीचा पैसा जातो तो दोन बेटांमधल्या पाण्यात. जवळजवळ बाराशे बेटं आहेत, त्यातल्या दोनशेपेक्षाही कमी बेटांवर लोकवस्ती आहे, आणि बहुतेक बोटी राजधानी मालेहून निघतात नि मालेला परततात. नकाशावर धिगुरा आणि उकुलहास दोन्ही आरीच्या कंकणद्वीपात (म्हणजे अटॉलमध्ये, कड्यासारख्या गोलात वसलेल्या बेटांच्या समूहात) दिसतात, पण एक दक्षिण टोकाकडे आणि एक उत्तरेला. एकीकडून दुसरीकडे जायचं तर बहुधा मालेलाच यावं लागतं. मी गेले तेव्हा स्पीडबोटीला माफुशीसाठी एका फेरीचे २५ डॉलर पडत होते, उकुलहासला ५० आणि धिगुराला ५५. तुझ्या बेताने जाता-येता २६० डॉलर फक्त बोटींचे झाले. एकाच बेटावर राहिलीस तर शंभर. शिवाय प्रत्येक बदलाला अर्धा दिवस सामान घेऊन धक्क्यावर बसून जातो, तो वेगळाच.

आता खोलीचा हिशोब, कारण इथे मी पहिल्या खेपेला फसले. वेबसाइटवर ४० डॉलर दिसले म्हणून मी ४० धरून चालले होते. निघताना बिल बघून हात थंड पडले. ४० वर १० टक्के सेवाशुल्क म्हणजे ४४. त्यावर पर्यटनाचा जीएसटी, तो जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे, म्हणजे साडेएक्कावन्नच्या आसपास. आणि त्यावर हरित कर, माणशी दर रात्री. लहान गेस्टहाउसला तो जानेवारी २०२५ पासून ६ डॉलर आहे. झाले साडेसत्तावन्न. (मी गेले तेव्हा दर कमी होते, तरी धक्का बसला.) माझ्या गेस्टहाउसच्या मालकाने हे आधी स्पष्ट सांगायला हवं होतं, त्याने सांगितलं नाही. तू बुक करण्याआधी मेसेज करून विचार, ‘सगळे कर धरून दहा रात्रींचे एकूण किती?’ उत्तर लेखी घे. आणि खोलीचा दर एकाला असो की दोघांना, तोच असतो. एकट्या माणसाला अर्धी खोली कोणी देत नाही, तेव्हा घासाघीस करायची तर मुक्कामाच्या लांबीवर कर. दहा रात्री म्हटल्यावर दोनदा मला दर कमी करून मिळाला. एकेका बेटावर तीन रात्री राहणाऱ्याला हे जमत नाही.

म्हणजे साडेसत्तावन्नच्या हिशोबाने दहा रात्रींचे ५७५, बोट १००, दुपार-रात्रीच्या जेवणाला रोज १२ धरले तर १२० (न्याहारी बहुतेक ठिकाणी खोलीच्या दरातच येते). झाले ७९५. सहलींना दोनशे उरतात. बसतं की!

बेटाबद्दल माझं मत उकुलहास. कारण तुला प्रवाळ बघायचाय आणि तिथला प्रवाळ किनाऱ्यावरून चालत जाऊन बघता येतो. पर्यटकांच्या किनाऱ्यावरून पाण्यात शिरायचं, उथळ पाणी ओलांडायचं आणि थोड्याच अंतरावर कडा लागतो. किनाऱ्यालगतच्या अशा प्रवाळाला तिथे ‘हाउस रीफ’ म्हणतात. बोट नाही, तिकीट नाही. रोज दोनदा जा. माफुशीला गेस्टहाउसं सर्वात जास्त आणि खोल्या स्वस्त, पण बघण्यासारखं बहुतेक सगळं बोटीने जाऊन. तिथे खोलीवर वाचवलेले दहा डॉलर सहलीत वीस होऊन जातात.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, म्हणजे हिरमोड होणार नाही. उथळ पाण्यातला बराच प्रवाळ मेलेला दिसेल, राखाडी, तुटलेल्या फांद्यांसारखा. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्राचं पाणी इतकं तापलं की प्रवाळ पांढरे पडून मोठ्या प्रमाणात मेले. मी पहिल्या दिवशी त्या राखाडी भागावरच वीस मिनिटं घुटमळले आणि रडवेली होऊन परत आले. दुसऱ्या दिवशी गेस्टहाउसमधला मुलगा म्हणाला, थांबू नको, पुढे जा. पुढे गेले आणि खालची जमीन एकदम संपली. निळं, नुसतं निळं. त्या कड्याच्या उतारावर सगळी वस्ती. पावडर ब्लू सर्जनफिशचा थवा माझ्या पोटाखालून गेला, शंभर तरी असतील, पाठीवर पिवळी पट्टी आणि अंग आकाशाच्या रंगाचं. पॅरटफिश प्रवाळ खात असतात त्याचा आवाज पाण्यात ऐकू येतो, कुर्रम कुर्रम, कोणी कडक बिस्कीट चावतंय तसा. ते जे बाहेर टाकतात त्याचीच बरीचशी पांढरी वाळू होते. तू ज्या किनाऱ्यावर टॉवेल पसरशील तो अशा माशांच्या पोटातून आलाय, हे मला कळलं तेव्हा मी वाळू मुठीत घेऊन कितीतरी वेळ बघत बसले होते. चौथ्या दिवशी कासव दिसलं. ते चरत होतं, मी वर तरंगत होते, आणि दर काही मिनिटांनी ते श्वास घ्यायला माझ्या शेजारी वर यायचं.

आता काळजीचं. पाण्यात एकटी जायचं नाही. बेटावर एकटी फीर, जेव, झोप, काही भीती नाही. पाण्यात नाही. तलावातला अर्धा तास आणि प्रवाहातला अर्धा तास यांची तुलनाच होत नाही. पहिले दोन दिवस गेस्टहाउसच्या माणसाबरोबर जा, वाटलं तर त्याचे पैसे दे, हा खर्च वाचवायचा नाही. नंतर कोणीतरी सोबती मिळतातच. प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने आधी जायचं, म्हणजे दमल्यावर पाणीच परत आणतं. दोन बेटांमधल्या खिंडीकडे, ज्याला ते ‘कंडू’ म्हणतात, अजिबात सरकायचं नाही. तिथला प्रवाह बाहेरच्या खोल समुद्राकडे ओढू शकतो. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाल. पाठ किती भाजली हे पाण्यात कळत नाही, रात्री कळतं.

---

समुद्रपक्षी

निळाई यांचं बहुतेक सगळं पटलं, पण धिगुरा असं एका फटक्यात कापू नका. मी डायव्हिंग करतो, सहा वेळा गेलो आहे. दक्षिण आरीच्या त्या पट्ट्यात व्हेल शार्क (महाकाय, पण माणसाला निरुपद्रवी मासा) वर्षभर दिसतात, जगात अशा जागा फार थोड्या. २००९ पासून तो संरक्षित सागरी प्रदेश आहे. स्नॉर्कल (श्वासाची नळी) लावून वर तरंगणाऱ्यालाही बघता येतो, डायव्हिंग यायलाच हवं असं नाही. बेटही सुंदर, तीनेक किलोमीटर लांब आणि अगदी चिंचोळं, टोकापर्यंत चालत जाता येतं.

एकट्या प्रवाशाने बेट निवडताना आणखी एक बघावं. सहलीचा दर माणशी असतो, पण बोट सुटायला किमान चार-पाच माणसं लागतात. फार निवांत, दोन-तीन गेस्टहाउसं असलेलं बेट घेतलंत तर तुम्ही एकट्याच आणि बोट निघतच नाही, नाहीतर चौघांचे पैसे भरा. धिगुराला हा प्रश्न येत नाही, रोज बोटी जातात. तिथे आधी काही बुक करू नका. उतरल्यावर संध्याकाळी दोन-तीन डाइव्ह सेंटरमध्ये चालत जाऊन विचारा, उद्या कोणाची बोट भरतेय.

बोट मात्र नीट पारखून घ्या. शार्कच्या अंगापासून तीन मीटर आणि शेपटीपासून चार मीटर लांब राहायचं, हात लावायचा नाही, फ्लॅश वापरायचा नाही. हे पाण्यात उतरण्यापूर्वी जे सांगत नाहीत, त्यांच्याबरोबर जाऊ नका. एकाच माशाभोवती चार बोटी नि पन्नास माणसं उड्या टाकताना मी बघितलंय, तो मासा खाली खोल निघून गेला. वाईट वाटतं.

मँटा रे (पंखांसारखे कल्ले असलेला मोठा चपटा मासा) बघण्यासाठी कोणी बा अटॉल सुचवेल, तिथली हनीफारू बे ही खाडी. आता नको. तिथला मोसम साधारण जून ते नोव्हेंबर. नैऋत्य मोसमी वाऱ्यात अन्नकण अटॉलांच्या पूर्वेच्या बाजूला साठतात, म्हणून मँटा तेव्हा तिकडे. मार्चमध्ये ते उलट पश्चिम बाजूला असतात.

---

अनघा

दोघांचे मनापासून आभार. निळाईताई, तुमचा हिशोब वहीत उतरवून घेतला. आता गोंधळ उकुलहास की धिगुरा एवढाच राहिलाय, तो गोड गोंधळ आहे.

अजून तीन प्रश्न. सरकारी हळू फेरीबोटीने गेलं तर बोटीचे शंभरही वाचतील ना? जेवणाचं काय? आणि संध्याकाळी… म्हणजे तिथे सगळी जोडपी असणार. दिवसा पाण्यात वेळ जाईल, पण रात्री आठनंतर एकटीने काय करायचं, याची मला पाण्यापेक्षा जास्त भीती वाटतेय.

---

निळाई

फेरीचं सांगते, कारण माझी सर्वात महागडी चूक तिथेच झाली. लाकडी मोठ्या होडीची फेरी खरंच अगदी स्वस्त आहे, काही रुफियांत (एक डॉलर म्हणजे साधारण साडेपंधरा रुफिया). पण ती दूरच्या बेटांना आठवड्यातून ठरावीक दिवशीच जाते, आणि शुक्रवारी नाही. तिथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते. मी पहिल्या खेपेला तिच्या भरवशावर गुरुवारी संध्याकाळी उतरले. स्पीडबोटी सुटून गेलेल्या, दुसऱ्या दिवशी शुक्रवार. विमानतळ वेगळ्याच बेटावर आहे, तिथे राहायची स्वस्त सोय नाही. बसने शेजारच्या हुलहुमाले बेटावर गेले आणि एका रात्रीचे ७० डॉलर मोजले, त्या खोलीला खिडकीसुद्धा नव्हती. बोटीचे पैसे वाचवायला गेले नि सत्तर घालवले. म्हणून विमान रविवार ते बुधवार या दिवसांत, आणि दुपारच्या आत उतरणारं घे. तिकीट तीस-चाळीस डॉलरने महाग पडलं तरी चालेल. त्याखेरीज ‘राज्जे ट्रान्सपोर्ट लिंक’ नावाची सरकारी वेगवान फेरी आहे. २०२२ मध्ये उत्तरेकडच्या अटॉलांत सुरू झाली आणि मग इतरत्र पसरली. तिचं वेळापत्रक जाण्याच्या आठवड्यात बघ. जुळलं तर छान, पण बेत तिच्यावर उभा करू नको.

आणखी एक, रमजान सध्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येतोय. तुझ्या तारखा तपास. आला तरी जाऊ नको असं नाही, उलट संध्याकाळी गाव जागं होतं ते बघण्यासारखं असतं. पण दिवसा बाहेरची खाण्याची ठिकाणं बंद असतात आणि रस्त्यावर काही खाणं-पिणं बरं दिसत नाही. गेस्टहाउस पाहुण्यांना जेवण देतं, आधी बोलून ठेव.

जेवण : सगळं ट्यूनाभोवती फिरतं. सकाळची ‘मस हुनी’ म्हणजे ट्यूना, खवलेला नारळ, कांदा, मिरची, लिंबू, आणि सोबत ‘रोशी’, जी आपल्या पोळीची बहीणच. तू मासा खात नाहीस म्हटल्यावर ‘बराबो’ म्हणजे लाल भोपळा, तो ट्यूनाऐवजी घालून केलेली तीच गोष्ट माग, मासा नको हे स्पष्ट सांगून. मासा न खाणाऱ्या एका बाईला माझ्यासमोर करून दिली होती, तिला फार आवडली. चहाच्या दुकानातल्या तळलेल्या गोळ्यांत मात्र बहुधा मासा असतोच, विचारल्याशिवाय उचलू नको. भाज्या बाहेरून येतात म्हणून महाग. सुका खाऊ घेऊन जा. मद्य, डुकराचं मांस आणि पूजेच्या मूर्ती न्यायला तिथे बंदी आहे. पर्समध्ये लहानशी मूर्ती ठेवायची सवय असेल तर ती घरीच ठेव.

आणि रात्री आठनंतरचं.

हा प्रश्न तू विचारलास ते बरं केलंस, कारण मला हा कोणाला विचारता आला नव्हता. पहिल्या तीन रात्री मलाही जड गेल्या. शेजारच्या टेबलावर नवी जोडपी, आणि वाढणारा मुलगा माझ्यासमोर दोन ताटं मांडून मग एक उचलून न्यायचा. चौथ्या संध्याकाळी मी जेवण आधीच उरकलं आणि बंदरावर गेले. प्रत्येक गावात किनाऱ्याला ‘जोली’ असतात, लोखंडी चौकटीला दोरी विणून केलेल्या खुर्च्या, ओळीने मांडलेल्या. संध्याकाळी सगळं गाव तिथे येऊन बसतं. बायका, म्हातारी माणसं, पोरंटोरं. मी कोपऱ्यातल्या एका जोलीत बसले. एका आजींनी विचारलं, एकटी? मी हो म्हटलं. नवरा? नाही म्हटलं. त्यांनी फक्त मान हलवली आणि पाय वर घेऊन बस, असं हाताने सांगितलं. बस, मग रोज गेले. एका जागी दहा दिवस राहण्याचा हा फायदा मी हिशोबात धरला नव्हता. पाचव्या दिवसापासून तू पर्यटक उरत नाहीस, ‘त्या गेस्टहाउसमधली बाई’ होतेस.

दुसऱ्या खेपेला जूनमध्ये गेले, तेव्हा खोली जवळजवळ निम्म्या दरात मिळाली, पण पाऊस. तीन दिवस पाण्यात उतरता आलं नाही. मालक आभाळाकडे बघून म्हणाला, ‘मियाहेली’ आहे, असंच चालायचं. मी विचारलं मियाहेली म्हणजे काय, तर त्याने एकामागून एक नावं मोजून दाखवली. अस्सिदा, बुरुनु, केती, रोअनु, मियाहेली, अदा… माझ्या अंगावर काटा आला. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृगशीर्ष, आर्द्रा! तिथले कोळी अजूनही वारा-पाऊस सत्तावीस नक्षत्रांवर मोजतात. आणि खरंच, मृगाचाच पाऊस पडत होता. त्या दिवशी एक मासा दिसला नाही, पण त्या तीन दिवसांचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

कपड्यांचं विसरले. पोहण्याचे उघडे कपडे फक्त पर्यटकांच्या वेगळ्या किनाऱ्यावर, त्याला ‘बिकिनी बीच’ म्हणतात. गावात खांदे आणि मांड्या झाकलेल्या हव्यात. एवढं पाळलं की कोणी वळून बघत नाही. मला एकदाही त्रास झाला नाही.

---

वसुधा

उशिरा लिहितेय. अनघा, या खेपेला नाही, पण पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेव : अड्डू. अगदी दक्षिणेला, विषुववृत्ताच्या पलीकडे. गानपासून हिताधूपर्यंत चार-पाच बेटं एकाच रस्त्याने जोडलेली आहेत, सुमारे चौदा किलोमीटर. गानवर १९७६ पर्यंत ब्रिटिशांचा हवाई तळ होता, त्यांच्या काळातल्या इमारती अजून आहेत. तिथे बोटीचा खर्चच नाही. भाड्याची सायकल घ्यायची आणि बेटामागून बेट. पांढरे शुभ्र कुररी पक्षी मालदीवमध्ये फक्त अड्डूतच आहेत, ते डोक्यावर जोडीने उडत असतात. देशांतर्गत विमान परदेशी माणसाला महाग पडतं म्हणून दहा दिवसांसाठी सुचवत नाही. तीन आठवडे असतील तर जरूर. आगमनावर मिळणारा तीस दिवसांचा पर्यटक व्हिसा फुकट आहे.

तो ‘इमुगा’ नावाचा ऑनलाइन फॉर्म विसरू नकोस. पोचण्याआधीच्या ९६ तासांत आणि परतताना पुन्हा एकदा भरायचा. सरकारी फॉर्मला पैसे पडत नाहीत. पैसे मागणाऱ्या नकली वेबसाइट आहेत, माझ्या मैत्रिणीने त्यात भरले होते.

---

अनघा

तिकीट काढलं! रविवारी सकाळी अकराला उतरते. रमजान माझ्या तारखांत येत नाही. उकुलहास, सलग दहा रात्री, सगळे कर धरून ५६० डॉलर, लेखी. समुद्रपक्षी, माफ करा, व्हेल शार्क पुढच्या खेपेला. पहिल्यांदाच समुद्रात उतरणार आहे, तर किनाऱ्यापासून उतरावं असं वाटलं.

शेवटचा प्रश्न, जरा बाळबोध आहे. मला उणे चारचा चष्मा आहे. पाण्यात बघायला लावतात त्या मास्कच्या आत चष्मा बसतो का?

---

निळाई

नाही बसत. मास्कची कड चेहऱ्याला चिकटायला हवी, चष्म्याची दांडी आली की पाणी शिरतं. पण नंबरची भिंगं बसवलेले मास्क तयार मिळतात, अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या फरकाने. दोन्ही डोळ्यांचा नंबर सांगून उणे चारचा घे. डावा-उजवा वेगळा असेल तर तशी भिंगंही लावून देतात. दुकानात पट्टा न लावता नुसता चेहऱ्यावर धर, नाकाने हलका श्वास आत ओढ आणि हात सोड. पडला नाही तर तो तुझा. नव्या काचेवर एक थर असतो, टूथपेस्ट लावून बोटाने नीट घासून काढ, दोनदा, नाहीतर आत वाफ धरते. मग तलावात आठ दिवस तोच लावून पोह. भाड्याच्या मास्कवर जाऊ नकोस. साठ-सत्तर डॉलर पडतील, सहलींच्या दोनशेतून काढ. कड्याच्या खालचं सगळं स्पष्ट दिसायला हवं.